समेटाची ओटी

आमच्या ऑफिसात स्टँपपेपरच्या कपाटात सगळ्यात खाली नारळ असायचे. दोन-तीन नारळ, ब्लाउजपीसचे खण, गव्हाचा पत्र्याचा डबा आणि हळदीकुंकवाची कुयरी. नवीन आलेला ज्युनिअर वकील हमखास विचारायचा, "बाई, हे काय? इथं सत्यनारायण असतो का?" मी म्हणायचे, "लग्न झालंय तुमचं? नाही ना? मग थांबा जरा, कळेल."

नव्वदीच्या सुरुवातीला मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले. नगरच्या कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर ऑफिस. मोठ्या साहेबांच्या वडिलांनी काढलेलं, त्यामुळे जिल्ह्यात कुठंही नाव सांगितलं की लोक म्हणायचे, "हां हां, तिथं आमच्या आजोबांची केस हुती." सात वकील, दोन कारकून आणि एक मी. बाईमाणूस म्हणून मी एकटीच. तोंडाची फटकळ असल्यामुळे सात वकिलांना पुरून उरले. कुणी खाडाखोड केलेला कच्चा मसुदा आणून टाकला की मी तो तसाच परत ढकलायचे. "हे तुम्हाला तरी वाचता येतंय का? मग मला कसं येईल?" माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ज्या दिवशी खरंच बोलायला हवं होतं त्या दिवशी माझं तोंड शिवलेलं होतं.

ऑफिसात प्रत्येक टेबलाचं काम वाटलेलं. पहिलं टेबल जमिनीचं. वाटप, बांध, वहिवाट, पाटाचं पाणी. भाऊ भाऊ एकाच एसटीनं नगरला यायचे आणि स्टँडवर उतरून दोन वेगळ्या वकिलांकडे जायचे. दुसरं अपघाताचं. औरंगाबाद रोडनं आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी त्या टेबलाला कधी रिकामं बसू दिलं नाही. तिसरं साखर कारखाने आणि सोसायट्यांचं. तिथले पक्षकार जीपमधून यायचे आणि त्यांना नेमका बिनसाखरेचा चहा लागायचा, यावर आम्ही पाठीमागं खूप हसायचो. चौथं फौजदारी. आणि आतल्या खोलीतलं पाचवं टेबल घरगुती भांडणांचं, नवरा-बायकोचं. ते मोठ्या साहेबांनी स्वतःकडे ठेवलेलं.

घरगुती टेबलाची एक रीत होती, वडिलांपासून चालत आलेली. बाई घटस्फोटाला आली की लगेच दावा दाखल करायचा नाही. आधी नवऱ्याला पत्र घालून बोलवायचं. दोघांना आतल्या खोलीत समोरासमोर बसवायचं, एकाच ट्रेमधून चहा द्यायचा, साहेब तासभर दोघांना समजावायचे. जमलं, तर समेटाच्या वहीत दोघांच्या सह्या. मजकूर ठरलेला, मला झोपेतही पाठ होता: "आम्ही मागील सर्व विसरून राजीखुशीने एकत्र नांदण्यास तयार आहोत." आणि मग बाईची खणानारळानं ओटी भरून तिला ऑफिसातूनच सासरी रवाना करायचं. म्हणजे आमचं ऑफिस हे तिचं माहेर. पूर्वी साहेबांच्या आई हे करायच्या. त्या गेल्या आणि काम माझ्याकडे आलं, कारण ऑफिसातली सवाष्ण मीच. साहेबांचं ठरलेलं वाक्य होतं, "आपण ओटी भरलेली बाई पुन्हा कोर्टाची पायरी चढत नाही."

खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. दिवसभर 'वादी'-'प्रतिवादी' बडवून बोटं दुखायची, त्यात हे एक काम माणसाचं वाटायचं. वर्षभरानं एखादी बाळ दाखवायला यायची, पेढे द्यायची, पाया पडायची. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे, "आज माझ्या लेकीला मुलगा झाला." तो म्हणायचा, "अगं, किती लेकी करून ठेवल्यास?" इतका गर्व चढला होता मला.

आमच्या ऑफिसात पक्षकाराला गावाच्या नावानं ओळखायचे, म्हणून ती 'देवळालीची'. देवळाली प्रवराची, ऊसवाल्या शेतकऱ्याची मुलगी, असेल चोवीस-पंचवीसची. पहिल्यांदा आली ती वडिलांबरोबर, कडेवर चार वर्षांची पोर घेऊन. साहेब आत वडिलांशी बोलत होते तोवर ती माझ्या टेबलापाशी बसली. पोर भारी चुणचुणीत. मी वापरलेला कार्बन पेपर तिला खेळायला दिला. पाच मिनिटांत दोन्ही हात, नाक, कपाळ निळं. तिची आई घाबरली. मी म्हटलं, "असू दे गं, खेळू दे. वकील होईल." तेव्हा ती हसली. हसताना तिनं तोंडावर हात नेला, तेव्हा मी तिची बोटं पाहिली. उजव्या हाताची मधली दोन बोटं वाकडी होती. मी नुसतं पाहिलं, तशी म्हणाली, "पिरगाळली."

नवरा नेवाशाच्या वाटेवरच्या घोडेगावचा. जनावरांच्या बाजारात दलाली करायचा. साहेबांच्या पत्रावर दुसऱ्याच आठवड्यात हजर झाला, आईला घेऊन. पांढरा स्वच्छ शर्ट, बोलणं असं गोड की ऐकत राहावं. आतल्या खोलीत हात जोडून म्हणाला, "साहेब, चुकलं माझं. रागात हात गेला. पुन्यांदा न्हाई व्हायचं." डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं मेल्यानं. साहेब विरघळले. वडीलही विरघळले, कारण धाकट्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं आणि थोरली घरी बसलेली त्यांना नको होती. तासाभरानं वहीत सह्या झाल्या. तिनंही केली. मी वही धरून उभी होते, साहेब म्हणाले, "बाई, नारळ घ्या."

मी कुंकू लावलं. तिनं पदर पसरला. मी खण ठेवला, नारळ ठेवला. तेवढ्यात त्या दिवशीही कार्बन पेपरशी खेळत बसलेली पोर मध्ये घुसली आणि तिनं निळ्या हातानं खण धरला, चांगली चार बोटं उमटली त्यावर. सगळे हसले. मी ओंजळीत गहू घेतले. एक ओंजळ, दोन, तीन. चौथ्या ओंजळीला तिनं पदराखालून माझं मनगट धरलं. घट्ट. माझ्या बांगड्या रुतल्या. माझ्या कानाशी, ओठ न हलवता म्हणाली, "ताई, मला नगं धाडू. मला कोर्टातच जायचं हाय."

आणि मी, तोंडाची फटकळ म्हणवणारी मी, काय म्हणाले? मी म्हणाले, "असं नाही बोलू. लेकराकडे बघ. सगळं नीट होईल." पाचवी ओंजळ घातली. तिचा हात माझ्या मनगटावरून मीच सोडवला.

सात-आठ महिने गेले. एका सकाळी मी टाइपरायटरवरचं कापड काढत होते आणि ती दारात उभी. अंगावरच्या साडीनिशी, हातात कापडी पिशवी. बाजाराच्या दिवशी भर दुपारी गर्दीतून निघून ती देवळालीला पोचली होती आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आमच्याकडे. मी आधी तिच्या कडेकडे पाहिलं. "लेक कुठंय?"

"ठिवून घेतली," ती म्हणाली. "म्हनले, तुला जायाचं तर जा. पोरगी आमची हाय."

त्या दिवशी आम्ही तिला सोडलं असतं ना कोर्टात, तर पोर तिच्या कडेवरच होती. ती आम्ही, नारळ देऊन, तिकडे पोचवली.

दावा मीच टाइप केला. घटस्फोट आणि मुलीचा ताबा. तिला घटस्फोटाचं काही नव्हतं, तिला पोर हवी होती. प्रत्येक तारखेला यायची, आणि प्रत्येक वेळी एकच विचारायची, "ताई, ह्या तारखेला मिळंल का?" मी म्हणायचे, "या नाही गं, पण मिळेल." एकदा जज्जसाहेबांनी मुलीला भेटवायला सांगितलं. नवरा आणि त्याची आई पोरीला घेऊन आले. कोर्टाच्या व्हरांड्यात ही गुडघ्यावर बसली, हात पुढं केले. पोर आजीच्या पदरामागं गेली आणि तिथून डोकावून बघत राहिली. ही तासभर तशीच बसून होती. शेवटी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून फरशीवर ठेवला आणि उठली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

नवऱ्याच्या वकिलानं जबाब दिला तो असा: मागचं जे काही होतं ते पत्नीनं माफ केलं, ती राजीखुशीनं नांदायला आली, आणि त्यानंतर मी तिला बोट लावलेलं नाही. सोबत आमच्या समेटाच्या वहीतल्या पानाची प्रत. खाली आमच्या ऑफिसचा शिक्का. कायदाच तसा आहे. एकदा माफ करून परत नांदायला गेलं की जुना छळ पुसला जातो, आणि नंतरचा नव्यानं सिद्ध करावा लागतो. नंतरचं कोण सांगणार? घरातलं कोण बोलणार तिच्या बाजूनं? ती तिच्या साक्षीत म्हणाली, "मला जायाचं नव्हतं. मला धाडलं." त्यावर समोरच्या वकिलानं एक काम केलं. ज्या बाईनं ओटी भरली तिला साक्षीला बोलवा म्हणून अर्ज दिला. समन्स माझ्या टेबलावर आलं.

मी थेट आत गेले आणि मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. मनगट धरलेलं, कानात बोललेलं, सगळं. साहेबांनी समन्स दोनदा वाचलं. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत गेला. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला माहीत आहे साक्ष कशी द्यायची. विचारलं तेवढंच सांगा. बाकीचं आपण उलटतपासात बघू."

मला माहीत होतं म्हणजे काय, मीच शिकवायचे की! ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक साक्षीदाराला बाकावर बसवून मी पढवलेलं. विचारलं तेवढंच सांगायचं. हो तर हो, नाही तर नाही. शहाणपणा करायचा नाही. उरलेलं आपला वकील काढून घेतो. इतक्या लोकांना सांगितलं, तर माझ्या स्वतःच्या हाडात ते भिनणार नाही तर काय!

पिंजऱ्यात उभी राहिले. शपथ घेतली. समोरचा वकील अगदी अदबीनं विचारायला लागला.

"ओटी कुणी भरली?"

"मी."

"तिनं पदर पसरला होता?"

"हो."

"रडत होती?"

"नाही."

"वहीवर सही तुमच्यादेखत केली?"

"हो."

"बाई, तुम्ही स्वतः सवाष्ण आहात. एखाद्या बाईची ओटी जबरदस्तीनं भरता येते का?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी हरकत घ्यायला हवी होती. ते कागदात बघत होते. "नाही," मी म्हटलं.

"म्हणजे ती राजीखुशीनं गेली?"

मला वाटलं, म्हणू दे आत्ता हो, वहीत तर तेच लिहिलंय, आणि आता साहेब उठतील. साहेब विचारतील, ओटी भरताना ती तुम्हाला काही म्हणाली का? मग मी सगळं सांगेन. तिचे शब्द जसेच्या तसे सांगेन. मी रात्रभर मनात घोकले होते ते. म्हणून मी म्हटलं, "हो."

समोरचे वकील बसले. जज्जसाहेबांनी आमच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब अर्धे उठले, चष्मा काढला, परत घातला.

"उलटतपास नाही," ते म्हणाले.

झालं. मला उतरायला सांगितलं. मी कठड्याला धरून उभी राहिले. एवढं एक वाक्य, "मला अजून सांगायचंय," एवढंच म्हणायचं होतं. फार तर जज्जसाहेब ओरडले असते. ओरडू द्यायचं होतं. पण मी उतरले. साऱ्या ऑफिसला धारेवर धरणारी बाई, गुपचूप तीन पायऱ्या उतरले आणि बाहेर आले. याची मला अजून लाज वाटते.

व्हरांड्यात तिचे वडील भेटले. मला वाटलं, शिव्या देतील. ते म्हणाले, "ताई, तुमी खरं तेच बोल्लात. तुमचं काय चुकलं न्हाई." त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

ऑफिसात आल्याबरोबर मी साहेबांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि भांडले. "का नाही विचारलंत? सांगितलं होतं ना मी तुम्हाला सगळं?"

साहेब खुर्चीत खचून बसलेले. म्हणाले, "बाई, नको म्हणणारी बाई आपण पाठवली, हे रेकॉर्डवर गेलं असतं. त्या वहीत किती घरं आहेत, माहीत आहे ना? उद्या प्रत्येक जण ती वही कोर्टात आणील. वडिलांपासूनचं नाव आहे हे."

"आणि तिचं घर? तिची पोर?"

"अपील करू. मी स्वतः चालवतो. वरच्या कोर्टात मिळेल."

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं, शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यांनी खरोखरच कितीतरी संसार सांभाळले होते, आणि त्या सांभाळलेल्या संसारांच्या भीतीनं या एकीला बळी दिलं. राजीनामा लिहिला मी, त्याच टाइपरायटरवर. मग दोन मुलांची शाळा डोळ्यांपुढं आली. कागद फाडला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले. मीही साहेबांहून काही वेगळी नाही.

दावा घालून दोन वर्षं होत आली तेव्हा निकाल लागला. दावा नामंजूर. पत्नी स्वखुशीनं परत गेली होती, त्यानंतरचा छळ शाबीत नाही, मुलगी आहे तिथं नीट आहे. निकालपत्रात माझी साक्ष चार ओळींची होती. त्या तिला मी वाचून दाखवल्या, कारण कुणीतरी दाखवायलाच हव्या होत्या. साहेब अपिलाचं समजावत होते. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मध्येच तिनं विचारलं, "किती दिस लागतील?" साहेब म्हणाले, "दोन-तीन वर्षं धरून चाला." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. पोरीचं वय मोजत असावी.

महिनाभरानं ती एकटीच आली. सकाळची वेळ, ऑफिसात झाडलोट चाललेली, साहेब अजून यायचे होते. हातात तीच कापडी पिशवी, पण या वेळी भरलेली. नीट विंचरलेले केस. मी उठून खुर्ची दिली. ती बसली नाही.

"ताई, मी चाल्ले घोडेगावला."

"काय? वेड लागलंय का तुला? अगं, त्या माणसाकडे? अपील करतोय ना आपण!"

"तवर पोरगी मला वळखायची न्हाई," ती म्हणाली. "परवा शाळेपाशी गेल्ते. बाईंनी विचारलं, ही कोन? ती म्हनली, म्हाईत न्हाई."

तिनं पिशवीतून एक लहान गाठोडं काढलं. पोरीचा जन्मदाखला होता, खणात गुंडाळलेला. तोच खण. घरातून पळून निघाली तेव्हा दाखल्याबरोबर पिशवीत आलेला. तिनं दाखला काढून जपून परत पिशवीत ठेवला आणि खण माझ्या टेबलावर उलगडला. शिवलेला नव्हता. कडेला चार निळी बोटं अजून होती, थोडी पुसट.

"आई-आप्पा येनार न्हाईत घालवाया. त्यांनी तोंड फिरवलं. वटी तुमीच भरा. ह्योच खन घाला, नवा नगं."

"नाही भरणार मी," मी म्हणाले. माझा आवाज चढला. झाडू मारायला येणारा पोऱ्या थांबून बघायला लागला. "मरून जाईन पण तुला तिकडे पाठवायला ओटी भरणार नाही. मागं भरली तीच चूक झाली माझी."

ती शांत होती. "मागच्या बारीला धाडली हुती, ताई. आता तसं न्हाई. आता माझी मी चाल्ले. राजीखुशीनं."

वहीतला तो शब्द तिच्या तोंडून आला. कोर्टात शपथेवर सांगितलेली माझी साक्ष, जी तेव्हा खोटी होती, ती त्या सकाळी माझ्या टेबलापाशी खरी झाली. आम्हीच ती खरी करून घेतली होती.

मी कपाट उघडलं. नारळ काढला, डबा काढला. तिच्या कपाळाला कुंकू लावताना माझं बोट मध्येच थांबलं, तिनंच कपाळ जरा पुढं केलं. पदर पसरला. निळी बोटं वर येतील असा खण ठेवला, त्यावर नारळ. एक ओंजळ, दोन, तीन. चौथ्या ओंजळीला मी थांबले. माझं मनगट तिच्या पदराखाली होतं, तिथंच ठेवलं. मला वाटत होतं, धर गं. एकदा धर, आता मी नाही सोडवणार तुझा हात.

तिनं धरलं नाही. पाचवी ओंजळ पडेपर्यंत पदर सावरून उभी राहिली, मला वाकून नमस्कार केला आणि साडेनऊच्या नेवाशाच्या गाडीला निघून गेली.